विश्लेषण : जात मोजली की जात घट्ट होते? काय होते गो. स. घुर्ये यांचे म्हणणे?

आगामी जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. १९३१ नंतर सर्व जातींची आकडेवारी जनगणनेतून प्रसिद्ध झालेली नाही. नेमक्या त्याच सुमारास, १९३२ मध्ये, मुंबई विद्यापीठातील एका प्राध्यापकाने या मोजणीवरच बोट ठेवले होते.

कोण होते घुर्ये?

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३चा, मालवणचा. एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकले, शिकवलेही. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू केला. पुढे घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स १९२२ मध्ये अचानक वारले, तेव्हा हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पूर्ण झाला. १९२४ ते १९५९ ते विभागप्रमुख होते. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे त्यांचे विद्यार्थी.

वाद कशावरून?

१९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी जातींची प्रतिष्ठेनुसार उतरंड लावली. नाकाच्या मापांवरून जातीचा वंशही ठरवू पाहिला. हे अनुमान फार तर उत्तर हिंदुस्थानाला लागू पडते, इतरत्र नाही, हे घुर्ये यांनी रिस्ले यांच्याच पद्धतीची मापे तपासून दाखवले. पण त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा होता. सरकारी यादीत वरची जागा मिळावी म्हणून जातींच्या सभा उभ्या राहिल्या, अर्ज-विनंत्या सुरू झाल्या. म्हणजे मोजणाऱ्यानेच जातीला नवे बळ दिले.

मतपेटीचेही तेच. १९१९च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. जातवार प्रतिनिधित्वाने जातीची निष्ठा पक्की होते, असे घुर्ये मानत.

आक्षेप काय?

विषमता आकड्यांत दिसलीच नाही तर ती दूर कशी करणार, हा प्रश्न या मांडणीत मागे पडतो. जातीची सहा लक्षणे सांगताना नागरी व धार्मिक हक्कांतील भेद स्वतः घुर्ये यांनीच नोंदवला होता, हे इथे विसरता येत नाही. आदिवासींना ते ‘मागासलेले हिंदू’ म्हणत. त्यावरून व्हेरिअर एल्विन यांच्याशी त्यांचा गाजलेला वाद झाला.

निवृत्तीनंतरही लेखन थांबले नाही. कोट्स या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाहिलेल्या पुण्याजवळच्या लोणीकंद गावावर त्यांनी १९६० मध्ये पुस्तक लिहिले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले.