मेजर टॉमस कँडी

पुण्यांत राहून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवर ज्यांचें ऋण सर्वांत जुनें, त्यांचेंच नांव आज बहुतेकांस अपरिचित असावें, हें आम्हांस नीट वाटत नाहीं. मोल्सवर्थ साहेबांचा कोश पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो. परंतु त्या कोशाचें जोडकाम ज्यांनीं पुरें केलें आणि मराठी लिहितांना आपण जो स्वल्पविराम सहज देतों, तो ज्यांनीं मराठीस शिकविला, त्या मेजर कँडी यांची आठवण क्वचितच निघते. म्हणून त्यांचें अल्प चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों. त्यांतच इंग्रजी वाक्यरचनेच्या एका गांठीचाही थोडा उलगडा होईल, कारण कँडींचें आयुष्य अशाच गांठी सोडविण्यांत गेलें.

टॉमस कँडी यांचा जन्म 1804 सालीं इंग्लंडांत झाला. जॉर्ज कँडी हे त्यांचे जुळे बंधु. दोघेही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या लष्करांत दाखल झाले व दोघांनींही मराठीचा मनापासून अभ्यास केला. त्या वेळीं जेम्स मोल्सवर्थ हे मराठी-इंग्रजी कोशाच्या प्रचंड उद्योगांत गुंतले होते. त्यांस अनेक ब्राह्मण पंडितांचें साह्य होतें. त्या मंडळींत हे दोघे बंधुही मिळाले. 1831 सालीं कोश प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तींत सुमारें 25,000 शब्द होते. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तींत ते 60,000 पर्यंत गेले. एवढ्यावरून त्या कामाचा आवांका ध्यानांत येईल.

मराठी-इंग्रजी कोश झाला, तरी काम अर्धेंच झालें होतें. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द सांगणारा उलट दिशेचा कोश अद्याप व्हावयाचा होता. मोल्सवर्थांनीं तो हातीं घेतला, पण प्रकृति ढासळल्यामुळें 1836 सालीं त्यांना स्वदेशीं परत जावें लागलें. तें ओझें टॉमस कँडींनीं उचललें आणि 1847 सालीं इंग्रजी-मराठी कोश बाहेर पडला. मधल्या काळांत, 1837 पासून, विश्रामबागवाड्यांतील संस्कृत पाठशाळेची देखरेखही त्यांच्याकडे होती. 1821 सालीं स्थापन झालेली ही पाठशाळा 1851 सालीं इंग्रजी शाळेशीं जोडण्यांत आली व त्या संयुक्त विद्यालयाचें प्रमुखपद कँडींकडे आलें. याच विद्यालयापासून पुढें डेक्कन कॉलेज उदयास आलें.

कोशकारास कठीण शब्द अडवितात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याला अडवितात ते लहान शब्द. हत्ती किंवा सिंहासन यांस प्रतिशब्द तत्काळ सांपडतो. परंतु कॅन, मे, मस्ट, शुड या चार चिमुकल्या सहाय्यक क्रियापदांस मराठींत एकेक नेमका शब्द नाहीं. त्यांचें काम मराठी कधीं शकणें, येणें, लागणें, पाहिजे अशा क्रियापदांकडून करून घेते, तर कधीं करावें, करील अशा नुसत्या रूपांकडून. त्यांतच हू आणि व्हिच हीं संबंधी सर्वनामें येऊन मिळालीं, म्हणजे नवशिक्याची पुरती तारांबळ उडते.

इंग्रजींत, ज्याला पोहतां येतें तो मुलगा, असें म्हणावयाचें असल्यास मुलगा आधीं येतो आणि त्याचें वर्णन मागून येतें: द बॉय हू कॅन स्विम. जाणें ज्याला भाग आहे तो मुलगा, द बॉय हू मस्ट गो. ज्यानें अभ्यास करावा तो, द बॉय हू शुड स्टडी. तिन्ही ठिकाणीं हू जसाच्या तसा उभा आहे. कॅनच्या जागीं मस्ट आला काय किंवा शुड आला काय, त्याला त्याचें सोयरसुतक नाहीं. मराठींत मात्र क्रियापद बदलतांच सर्वनामाची विभक्ति बदलते. जो पोहूं शकतो, ज्याला पोहतां येतें, ज्याला जावें लागतें, ज्यानें अभ्यास करावा: जो, ज्याला, ज्यानें. शक्यता, सक्ति व कर्तव्य यांचा जो भेद इंग्रजी केवळ सहाय्यक क्रियापदावर सोंपविते, त्याची खूण मराठी संबंधी सर्वनामावरही उमटविते. हें मर्म ज्याला कळलें, त्याचें अर्धें भाषांतर झालें.

दुसरा भेद असा कीं, मराठींत जो आला म्हणजे तो यावाच लागतो. ती जोडी आहे. इंग्रजीस ही जोडी नको असते. आमचे विद्यार्थी जें पुस्तक मला वाचलें पाहिजे तें, याचें इंग्रजी करतांना द बुक व्हिच आय मस्ट रीड इट असें लिहितात, तें या जोडीच्या ओढीनें. तेथें व्हिचनेंच पुस्तकाचें काम केलेलें असतें. शेवटचा इट हा बिनबोलावलेला पाहुणा होय. नित्याच्या बोलण्यांत इंग्रज तर व्हिचही गाळतो आणि द बुक आय मस्ट रीड एवढ्यावर भागवितो. पण ही सवलत सर्वनाम कर्म असेल तेव्हांच मिळते. द बॉय हू कॅन स्विम यांतील हू कर्ता आहे. तो गाळला तर वाक्याचा कणाच मोडतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हूच्या मागें कर्ता एकवचनी असला तरी कॅनला एस लागत नाहीं, व कॅननंतर टू येत नाहीं.

या प्रकरणीं कँडींची सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे विरामचिन्हें. जुन्या मोडी लिखाणांत शब्दसुद्धां तोडून लिहीत नसत; मग स्वल्पविरामाची गोष्ट कशाला? 1850 सालीं कँडींनीं विरामचिन्हांची परिभाषा हें छोटें पुस्तक काढून इंग्रजी चिन्हांचा उपयोग मराठींत कसा करावा, हें समजावून दिलें. हें काम किरकोळ वाटेल, परंतु तसें नाहीं. मुठेच्या कांठीं एखाद्या शिक्षकानें चिठ्ठी लिहिली कीं, द बॉइज हू कॅन स्विम मे क्रॉस द रिव्हर. याचा अर्थ, ज्या मुलांना पोहतां येतें त्यांनींच नदी ओलांडावी. बाकीच्यांनीं कांठावर थांबावें. आतां बॉइजच्या पुढें एक व स्विमच्या पुढें एक असे दोन स्वल्पविराम द्या. शब्द तेच राहिले, पण अर्थ झाला कीं, या सर्वच मुलांना पोहतां येतें व सर्वांनाच नदींत उतरण्याची मुभा आहे. वर्गांत एकालाही पोहतां येत नसेल, तर त्या दोन टिंबवजा चिन्हांची किंमत काय होईल, याचा विद्यार्थ्यांनींच विचार करावा. हाच भेद मराठी एका च नें दाखविते: ज्यांना पोहतां येतें त्यांनींच. चिन्ह असो वा अव्यय असो, मर्यादा कोठें घातली आहे हें वाचणाऱ्याला कळलें पाहिजे.

पुढें कँडी सरकारचे मराठी भाषांतरकार झाले आणि शाळेंतील पुस्तकांची भाषा तपासण्याचें काम वर्षानुवर्षें त्यांच्याकडे राहिलें. परशुरामतात्या गोडबोले यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखालीं होते. कायद्याच्या इंग्रजींत तर ही गांठ पावलोपावलीं भेटते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेचीं कित्येक कलमें, जो कोणी अमुक करील, येथपासून सुरू होऊन त्याला शिक्षा होईल येथें संपत असत. ती संहिता 2024 सालीं 1 जुलै रोजीं रद्द होऊन तिच्या जागीं भारतीय न्यायसंहिता आली, तरी वाक्याचा हा सांचा टिकून आहे. यांतील शॅल हा भविष्यकाळ नव्हे, आज्ञा आहे. नित्याच्या बोलण्यांत त्या जागीं मस्ट किंवा विल येतो. मराठींत मात्र होईल हें एकच रूप भविष्यही सांगतें आणि हुकूमही सांगतें. म्हणून भाषांतरकारानें जपून पाऊल टाकावें लागतें.

कँडींवर टीका झाली नाहीं असें नाहीं. मराठी ग्रंथकारांनीं आपली भाषा एका परकीय गृहस्थाकडून तपासून घ्यावी, हें अनेकांना मानवलें नाहीं. ज्या भाषेचें व्याकरण दादोबा पांडुरंगांनीं 1836 सालींच रचलें होतें, तिला शिस्त लावण्यास परका कशाला, असा हा प्रश्न होता. इंग्रजी वळणाची लांबलचक वाक्यें शाळेच्या पुस्तकांतून मराठींत शिरलीं, हाही आक्षेप आहे आणि त्यांत तथ्य आहे. 1874 सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं याच पुण्यांतून निबंधमाला सुरू केली, तेव्हां मराठीच्या तत्कालीन स्थितीचाच विचार त्यांनीं प्रथम मांडला. गंमत अशी कीं, मराठीचा अभिमान गाजविणारें तें गद्यही स्वल्पविराम व अर्धविराम यांच्याच आधारानें चाललें. परक्याचें जें उपयोगी तें घ्यावें, पण आपला सांचा मोडूं देऊं नये, हा धडा उभय पक्षांकडून मिळतो.

मेजर कँडी 1877 सालीं महाबळेश्वर येथें निवर्तले. आयुष्याचीं पन्नासांहून अधिक वर्षें त्यांनीं या देशांत काढलीं, आणि त्यांतील बहुतेक मराठीच्या सेवेंत गेलीं. त्यांच्या मराठीला परकेपणाचा वास शेवटपर्यंत येत असेलही. परंतु दुसऱ्याची भाषा शिकतांना त्यांनीं जी चिकाटी दाखविली, तिच्यापुढें आमची इंग्रजीची तक्रार फिकी पडते. आमच्या विद्यार्थ्यांनीं इंग्रजी वाक्य हातीं घेतांच प्रथम मुलगा कोण तें शोधावें, मग हू कोणाचा तें पाहावें, मग त्याला करतां येतें, करावें लागतें कीं करावें, हें ठरवावें, आणि शेवटीं स्वल्पविराम आहे कीं नाहीं तें डोळे उघडून बघावें. इतकें करून मगच मराठी वाक्य मराठीच्या चालीनें लिहावें. कँडींच्या श्रमांचें खरें स्मरण तेंच होईल.