गुलाम म्हणून विकला गेला, पण शहराला पाणी देऊन गेला : मलिक अंबर

छत्रपती संभाजीनगर हे आज मराठवाड्याचं सर्वात मोठं शहर. पण चारशे वर्षांपूर्वी इथं खाम नदीकाठी खडकी नावाचं लहानसं गाव होतं. या गावाचं शहर केलं ते मलिक अंबरनं.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. मालकाच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला. मग स्वतःचे घोडेस्वार जमवत तो मोठा सरदार बनला.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. निजामशाही संपलीच, असं वाटत असताना अंबरनं मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हाती घेतला. १६१० मध्ये त्यानं खडकीला राजधानी वसवायला घेतली. १६१६ साली मुघल फौजेनं ती लुटली, जाळली. तरी अंबरनं जागा सोडली नाही, शहर पुन्हा उभं केलं.

मोठी अडचण पाण्याची होती. फौज, कारागीर, व्यापारी, जनावरं, एवढ्यांना गावच्या आडांचं पाणी कुठून पुरणार?

जमिनीखालची नहर

अंबरची नजर शहराच्या उत्तरेकडं, हर्सूलच्या बाजूच्या डोंगराकडं गेली. तिथं जमिनीत मुरलेलं पाणी होतं. १६१७ च्या सुमारास त्यानं जमिनीखालून नहर खोदायला लावली. भुयारात पाझर गोळा व्हायचा आणि उतारानं शहराकडं वाहायचा. ना मोट, ना बैल. जमिनीखाली असल्यानं उन्हानं पाणी आटायचं नाही. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून जागोजागी विहिरीसारखी तोंडं ठेवली होती. पुढं मातीच्या नळांतून पाणी हौदात पडायचं. हीच नहर-ए-अंबरी.

१६२४ च्या भातवडीच्या लढाईत अंबरनं मुघल आणि विजापूरच्या फौजांना हरवलं. शहाजीराजेही त्या लढाईत निजामशाहीकडून लढले. १६२६ साली अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

मुलगा फतेहखानानं खडकीचं फतेहनगर केलं, औरंगजेबानं १६५३ मध्ये औरंगाबाद. राज्यं बदलली, नावं बदलली, पण नहर वाहत राहिली. पुढं शहर वाढलं. नहरीवर घरं, रस्ते आले. साफसफाई थांबली आणि बराच भाग बुजला.

आज शहराची तहान पैठणच्या जायकवाडीवर भागते. ते पाणी पंपानं वर चढवावं लागतं. लाइट गेली की पाणी थांबतं. अंबरच्या नहरीला फक्त उतार लागायचा, आणि वेळेवर गाळ काढणारे हात.