एक्सप्लेनर : पक्षी टिपायचा, पण पीस बिघडू द्यायचे नाही! ऑड्युबॉन यांच्या छर्ऱ्यांपासून कोयोटीच्या गोळीपर्यंत

फेब्रुवारी १८३३. अमेरिकेतील बोस्टन शहर. एका लहान खोलीत पिंजऱ्यावर घोंगडी टाकलेली आहे, खोलीत कोळसा पेटवून दार बंद केले आहे. पिंजऱ्यात जिवंत सोनेरी गरुड आहे. जॉन जेम्स ऑड्युबॉन हे चित्रकार बाहेर त्याच्या मरणाची वाट पाहत आहेत. कित्येक तासांनी दार उघडले तरी गरुड शुद्धीवर होता. मग कोळशात गंधक मिसळले. धुराने घरातल्या माणसांना बाहेर पडायची वेळ आली, गरुड मात्र जिवंतच.

हातात बंदूक असताना हा खटाटोप कशासाठी? उत्तर एका वाक्यात देता येते. पिसांना धक्का लागू द्यायचा नव्हता. शिकार तर हवी, पण कातडे, फर किंवा पिसे शाबूत हवीत, हा शिकाऱ्यांचा जुना पेच. अमेरिकेत फरसाठी कोयोटी मारणारे शिकारी आजही दुकानात गोळी निवडताना याच पेचात असतात. ऑड्युबॉन यांचे आयुष्य त्यातच गेले.

कोण होते ऑड्युबॉन?

जन्म २६ एप्रिल १७८५, आजच्या हैतीमधील ले के या गावी. वडील फ्रेंच जहाजाचे कप्तान आणि मळेमालक. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. बालपण फ्रान्समध्ये गेले. नेपोलियनच्या सैन्यातील सक्तीची भरती टाळण्यासाठी १८०३ मध्ये वडिलांनी मुलाला अमेरिकेत पाठवले. फिलाडेल्फियाजवळच्या मिल ग्रोव्ह या वडिलांच्या जमिनीत शिशाची खाण होती. तेव्हा छर्रेही शिशाचेच असत, हा योगायोगच.

१८०८ मध्ये लुसी बेकवेल यांच्याशी लग्न झाले. केंटकीतील हेंडरसनमध्ये दुकान थाटले, गिरणी काढली. या काळात त्यांनी माणसे गुलाम म्हणून विकत घेतली आणि विकली, हेही नोंदवायला हवे. १८१९ मध्ये दिवाळे निघाले, तुरुंगवारीही झाली. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतील सगळे पक्षी चितारण्याचे ठरवले. लुसी शिकवण्या करून घर चालवत होत्या, ऑड्युबॉन नदीकाठाने, जंगलातून फिरत होते.

पण पक्षी मारायचेच कशाला?

तेव्हा कॅमेरा नव्हता. चित्रे तर अचूक हवी होती, तीही पक्ष्याच्या खऱ्या आकाराची. ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’ या त्यांच्या ग्रंथाचा कागद जवळपास १ मीटर उंच आहे, तो यामुळेच. १८२७ ते १८३८ या काळात त्यातील ४३५ चित्रे छापून हाताने रंगवण्यात आली.

पद्धत जवळजवळ आलेखाच्या कागदासारखी होती. चौकोन आखलेल्या फळीवर ताजा मारलेला पक्षी तारांनी जिवंत वाटेल अशा स्थितीत बसवायचा. कागदावर तेवढेच चौकोन आखायचे. मग एकेक चौकोन पाहून चित्र उतरवायचे. मेल्यावर डोळ्यांचा आणि पायांचा रंग लवकर फिका पडतो, त्यामुळे कामाला घाई असे. पंखाचे एक पीस मोडले किंवा छाती रक्ताने माखली, तर तो पक्षी बाद. पुन्हा रानात जायचे, पुन्हा दुसरा मारायचा.

छर्ऱ्यांचे गणित काय?

म्हणूनच ऑड्युबॉन लहान पक्ष्यांसाठी बारीक छर्रे वापरत. आजच्या अमेरिकी मापात छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दाणा लहान. हिशेब सोपा आहे. १७ मधून नंबर वजा करा, जे उरेल तितके शतांश इंच दाण्याचा व्यास. म्हणजे ८ नंबरचा दाणा सुमारे २.३ मिलिमीटरचा, तर १२ नंबरचा जेमतेम १.३ मिलिमीटरचा.

फरक १ मिलिमीटरचा वाटतो. पण गोळ्याचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ८ नंबरचा दाणा १२ नंबरच्या जवळपास सहापट जड भरतो. वेग सारखा असेल तर मारही सहापट. चिमणीएवढ्या पक्ष्याच्या चिंधड्या करायला तो पुरेसा आहे. बारीक दाणा मात्र कातडीत टाचणीएवढे भोक पाडतो आणि पिसांखाली ते दिसतही नाही.

पण फुकट काहीच मिळत नाही. हलका दाणा हवेत लवकर मंदावतो, म्हणून पक्ष्याच्या जवळ जावे लागते. फार जवळ गेले तर छर्रे पसरण्याआधीच गठ्ठ्याने लागतात आणि पक्षी फाटतो. दोन्हींच्या मधले अंतर साधायचे, तर पक्षी कुठे बसतो, केव्हा बुजतो, हे आधी माहीत हवे. ठासणीच्या बंदुकीचा इथे एक फायदा होता. तिच्यात दारू वेगळी आणि छर्रे वेगळे भरायचे असल्याने दोन्हींचे माप प्रत्येक बाराला बदलता येई.

गरुडापुढे हे गणित का अडले?

मोठ्या पक्ष्याला बारीक छर्रे पुरत नाहीत, जाड छर्रे पिसे बिघडवतात. शिवाय हा गरुड कोल्ह्यांसाठी लावलेल्या सापळ्यात सापडून जिवंत हाती आला होता. त्याला सोडून द्यावे, असाही विचार ऑड्युबॉन यांच्या मनात येऊन गेला. शेवटी त्यांनी टोकदार पोलादी सळई त्याच्या हृदयात खुपसली. एकही पीस विस्कटले नाही. चित्रावर सुमारे ६० तास काम केले आणि त्यानंतर ते आजारी पडले.

त्या चित्रात गरुड ससा पकडून उडतो आहे. मूळ चित्राच्या कोपऱ्यात आणखी एक छोटी आकृती आहे. दरीवर आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून, पाठीवर मेलेला गरुड बांधून, एक शिकारी सरपटत चालला आहे. अनेक अभ्यासक ती ऑड्युबॉन यांचीच प्रतिमा मानतात. छापील प्रतीत मात्र शिकारी गायब झाला.

कोयोटीचा यात काय संबंध?

१८४३ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ऑड्युबॉन सस्तन प्राण्यांच्या चित्रांसाठी मिसुरी नदीने पश्चिमेकडे निघाले. ज्या ‘ओमेगा’ बोटीने ते गेले, ती फरच्या व्यापाऱ्यांची होती. सोबत प्राण्यांची कातडी टिकवून त्यात पेंढा भरणारे कारागीर जॉन बेल होते. पुढे याच बेल यांनी लहानग्या थिओडोर रूझवेल्ट यांना ते काम शिकवले. गवताळ प्रदेशातला कोयोटी, म्हणजे लांडग्याच्या कुळातला पण त्याहून लहान प्राणी, त्या ग्रंथात ‘प्रेअरी वुल्फ’ या नावाने आहे.

आज कोयोटीची फर वाचवताना शिकारी रायफलची हलकी, अतिवेगवान आणि पातळ आवरणाची गोळी निवडतात. उदाहरणार्थ, पॉइंट २०४ रुगर या काडतुसाची गोळी ५.२ मिलिमीटर व्यासाची आणि साधारण २ ते अडीच ग्रॅमची असते. ती आत शिरताना लहानसे भोक पाडते, शरीरात फुटते आणि बहुतेक वेळा पलीकडून बाहेर येत नाही. फरचे मोठे नुकसान गोळी बाहेर पडताना होते, म्हणून हा आटापिटा. हीच गोळी खांद्याच्या हाडावर आदळली तर वरच फुटते आणि मोठी जखम करते. न फुटणारी टणक गोळी आरपार जाते, भोके लहान पडतात, पण प्राणी जखमी होऊन पळून जाण्याचा धोका असतो. म्हणजे गोळी कोणतीही घ्या, नेम आणि अंतर चुकले की फर गेलीच.

वाचलेल्या फरची किंमत कोण मोजते?

ऑड्युबॉन २७ जानेवारी १८५१ रोजी वारले. त्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पक्षी मारले, हे खरे. टोप्यांवरच्या पिसांसाठी होणारी पक्ष्यांची कत्तल थांबवायला पुढे ज्या संस्था निघाल्या, त्यांनी नाव घेतले ते ऑड्युबॉन यांचेच. गुलामगिरीच्या मुद्द्यावरून ते नाव काढण्याची मागणी झाली. २०२३ मध्ये राष्ट्रीय ऑड्युबॉन सोसायटीने नाव कायम ठेवले, तर काही स्थानिक शाखांनी ते सोडले.

गोळीचा प्रश्नही संपलेला नाही. शरीरात फुटणाऱ्या शिशाच्या गोळीचे कण मांसात राहतात. कातडे काढून उघड्यावर टाकलेला सांगाडा गरुड खातात आणि शिसे त्यांच्या पोटात जाते. अमेरिकेतील ३८ राज्यांतील १,२१० गरुडांची तपासणी करणारा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यात जवळपास निम्म्या गरुडांच्या शरीरात शिशाच्या दीर्घकाळच्या विषबाधेच्या खुणा सापडल्या. सोनेरी गरुडही त्यात होते. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. इतरत्र तांब्याच्या गोळ्यांचा पर्याय आहे, पण बहुतेक ठिकाणी निवड शिकाऱ्यावरच सोडलेली आहे.