वेल्सच्या केटबाई

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा, असे मंडळाच्या अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे! पण गेल्या पावसाळ्यात मी भाजी निवडत असताना माझ्या कॉलेजातल्या मुलीने एक कादंबरी मला मराठीतून समजावून सांगितली होती. ती मनातून जाईना. तेव्हा तिच्या लेखिकेविषयीच लिहिते.

केट रॉबर्ट्स यांचा जन्म १८९१ सालचा. वेल्स हा इंग्लंडला लागून असलेला डोंगराळ मुलूख. तिथली वेल्श भाषा मात्र इंग्रजीहून अगदी निराळी. वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला. मजुरी तुटपुंजी, म्हणून जोडीला थोडी जमीन. अशा घरातली ही मुलगी बँगोरच्या कॉलेजात शिकली आणि शिक्षिका झाली.

१९१७ साली पहिल्या महायुद्धात त्यांचा धाकटा भाऊ डेव्हिड माल्टाच्या इस्पितळात वारला. त्या दुःखानेच केटबाईंना लिहिते केले. पहिला कथासंग्रह १९२५ साली निघाला. लिहिले ते सारे आपल्या मायबोलीत.

मी म्हणते ती कादंबरी १९३६ सालची. नावाचा अर्थ 'बेडीत अडकलेले पाय' असा. तिच्यातली जेन ही खाणकामगाराची बायको. पैपैचा हिशेब करून तिने मुले वाढवलेली. एक मुलगा लढाईवर जातो. एके दिवशी घरी सरकारी कागद येतात, तेही इंग्रजीत! तिला ते वाचता येत नाहीत. ती धावत दुकानदाराकडे जाते, आणि आपला मुलगा गेला हे त्या माउलीला परक्याच्या तोंडून कळते.

भगिनींनो, इथे माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. बँकेचा साधा कागद आला तरी मी शेजारच्या मुलाला हाक मारते, आणि तो वाचून होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते. दूरदेशीच्या त्या बाईला माझी ही धडधड कशी कळली?

१९२८ साली मॉरिस विल्यम्स यांच्याशी लग्न झाले आणि शाळा सुटली; लग्न झालेल्या बाईला शिक्षिका म्हणून ठेवण्याची तेव्हा रीत नव्हती. (घर काय, ती शाळेआधीही सांभाळत नव्हती का?) १९३५ साली उभयतांनी डेन्बी गावातला जुना छापखाना घेतला. तिथून एक वेल्श साप्ताहिकही निघे. १९४६ साली पती वारले. मूलबाळ नव्हते. तरी बाईंनी पुढे दहा वर्षे छापखाना चालवला. १९३७ ते १९४९ या काळात त्यांचे एकही पुस्तक आले नाही, यात मला नवल वाटत नाही. गावात वेल्श माध्यमाची शाळा हवी म्हणूनही त्या झटल्या. ती १९६८ साली उघडली.

त्यांच्या कथांत सुख थोडे, हे खरे. पण १९५९ सालच्या, म्हणजे साठी उलटल्यावरच्या, संग्रहात विनी नावाची एक गरीब, तोंडाळ पोर आहे. तिला लंडनला जाऊन राणीच्या घरी मोलकरीण व्हायचे आहे! ती भेटली की हसू येते.

१९८५ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, केटबाई वारल्या. विनीच्या गोष्टी अजून पुऱ्या ऐकून व्हायच्या आहेत; मुलीची परीक्षा संपायची वाट पाहते आहे.