कै. नारायण मल्हार जोशी आणि शेजाराचें बळ

आमचें कन्नड हें घाटमाथ्यावरचें तालुक्याचें गांव. येथून औट्रम घाट उतरून चाळीसगांव स्टेशन गांठलें, कीं आगगाडी थेट मुंबईस नेते. पोटासाठीं मुंबईची वाट धरणारीं माणसें महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून आजवर निघत आलीं आहेत. परंतु परक्या शहरांत गेलेल्या मनुष्यास शेजार कोठें मिळावा? संकटसमयीं त्यानें कोणास हांक मारावी? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या पुरुषानें शब्दांनीं न देता कृतीनें दिलें, त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

नारायण मल्हार जोशी ह्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजीं त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांतील गोरेगांव येथें झाला. १९०१ सालीं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून पदवीधर झाले व पुढें सुमारें आठ वर्षें त्यांनीं शिक्षकाचा पेशा केला. चरितार्थास तेवढें पुरेसें होतें. मनास मात्र पुरेना. १९०९ सालीं त्यांनीं नामदार गोखले ह्यांच्या भारत सेवक समाजांत प्रवेश केला आणि अल्प वेतनावर आजन्म लोकसेवा करण्याचें व्रत घेतलें.

मुंबईच्या गिरणगांवांत त्या काळीं कोंकणांतून व घाटावरून आलेले हजारों कामगार चाळींच्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीनें राहत. दिवस गिरणींत जाई. रात्रीं दारूचा गुत्ता तेवढा उघडा असे. सावकाराचें व्याज दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे सालास शेंकडा पंचाहत्तर, हें अगदीं नित्याचें होतें. एखाद्या दुखण्यानें चूल विझावी, असा तो संसार. दयाळू लोक दानधर्म करीत नव्हते असें नाहीं. पण दान संपलें, कीं दुःख पुन्हां दारांत उभें राही.

जोशी ह्यांनीं निराळा मार्ग काढला. १९११ सालीं त्यांनीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग ह्या संस्थेची स्थापना केली. वस्तींत जावें, तेथील खरी स्थिति पाहावी आणि तेथेंच कामास आरंभ करावा, अशी तिची रीत होती. संस्थेनें दिवसाच्या व रात्रीच्या शाळा काढल्या, वाचनालयें उघडलीं, पाळणाघरें चालविलीं. औषधोपचार, स्वच्छता, व्यायामशाळा, मुलांचीं मंडळें, नाट्यप्रयोग, गरिबांस कोर्टकचेरींत सल्ला, अशीं तिचीं नानाविध कामें होतीं. सहकारी पतपेढ्यांचें काम तर विशेष मोलाचें. सभासदांनीं थोडें थोडें शिल्लक टाकावें, एकानें दुसऱ्यास जामीन राहावें आणि अडचणींत माफक व्याजानें कर्ज घ्यावें, अशी ही योजना. हीं कामें एकमेकांस पूरक होतीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. रात्रशाळेंत अक्षरें शिकलेला मनुष्य आपलें कर्जखत स्वतः वाचूं शके, पतपेढीचा हिशेब तपासूं शके. आणि जे हिशेबासाठीं एकत्र बसतात, ते दुखण्याबाण्यांतही एकमेकांच्या दारीं जातात. १९२२ सालीं परळ येथें संस्थेचें दामोदर हॉल उभें राहिलें. कामगारांच्या नाटकांस तेथें हक्काचें घर मिळालें.

चाळींत पाहिलेलें दुःख जोशी ह्यांनीं पुढें जगाच्या सभांत मांडलें. १९१९ मध्यें वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून गेले. १९२० मध्यें अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत ते अग्रेसर होते. बाळंतपणांत कामगार स्त्रियांस साहाय्य मिळावें म्हणून १९२४ सालीं त्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत विधेयक आणलें. तें नामंजूर झालें. परंतु १९२९ मध्यें मुंबई प्रांतानें तसाच कायदा केला. त्याच वर्षीं तीव्र मतभेदामुळें त्यांस स्वतः वाढविलेली ट्रेड युनियन काँग्रेस सोडावी लागली. एवढा घाव बसूनही त्यांनीं कामगारांचें काम सोडलें नाहीं, आणि पुढें ऐक्य होतांच तिचें चिटणीसपद पुन्हां पत्करलें. ३० मे १९५५ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

ह्या चरित्रापासून आम्ही काय घ्यावें? संकट आल्यावर मदतीची वाट पाहणारी वस्ती निराळी, आणि संकटापूर्वींच रोज संध्याकाळीं एकत्र बसणारी वस्ती निराळी. पाऊस दगा देतो तेव्हां काय होतें, हें आमच्या मराठवाड्यास कोणीं सांगावयास नको. अशा वेळीं गांवाचें वाचनालय, तालीम, बचत गट हीं करमणुकीचीं स्थळें राहत नाहींत; तेथें जुळलेलीं मनेंच गांवास तारतात. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आळींत चार मुलांस वाचावयास शिकवणें हें लहान काम नव्हे. जोशी ह्यांनीं आरंभ केला तो एवढ्यापासूनच.