दादासाहेब फाळके : ओळखीची कथा आणि नवे नवल

करमणुकीच्या उद्यानांतील खेळांना गाजलेल्या चित्रपटांची नावे देण्याची चाल जगभर पडली आहे. खोपोलीजवळ २०१३ साली उघडलेल्या इमॅजिकातही ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ सालच्या चित्रपटावरून एक खेळ उभारला गेला. ओळखीच्या कथेवर इतके विसंबावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना, खोपोलीच्या वरच घाटमाथ्यावर, लोणावळ्यास, एके काळी छापखाना चालविणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचे चरित्र आठवते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी कलेचे धडे घेतले. स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि त्यांना ध्यास लागला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेस गेले व कॅमेरा मिळविला.

परत येऊन त्यांनी आधी टिपले ते वाटाण्याचे रोप! रोज थोडे थोडे चित्रण करून महिन्याभराची वाढ पडद्यावर पाहता पाहता घडवून दाखविली. त्यात ना राजा होता, ना राक्षस. तरी ते नवल पाहून भांडवल देणारा पुढे आला.

लोकांपुढे जाताना मात्र त्यांनी हरिश्चंद्र निवडला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. मुक्या पडद्यावर कथा ठाऊक असणे मोठ्या सोयीचे होते. या साऱ्या खटाटोपात पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्म धुण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत सर्व भार उचलला. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता दोन्ही साळुंके यांनीच केली. रामायण घरोघरी ठाऊक होते. पण जळती लंका डोळ्यांनी कुणी पाहिली होती? बैठकीतही चीज ओळखीची असली, तरी रंग भरतो तो गायकाच्या उपजेने.

१९३१ साली पडदा बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ साली मुकाच तयार झाला होता. पुढे आपल्या कोल्हापुरात, कोल्हापूर सिनेटोनसाठी, त्यांनी १९३७ साली ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट केला. तोच अखेरचा ठरला. पुराणे तीच होती, परंतु काळाचे नवल आता दुसऱ्यांच्या हाती गेले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

पांढुर्णा-सौंसरकडील सावरगावासारख्या गावी जत्रेत पाळणा लागला, तर त्यात बसायला कुणाला कथा लागत नाही. डिस्नेलँडमधील समुद्री चाच्यांचा खेळ १९६७ चा. त्यावरून चित्रपट निघाला तो २००३ साली. तेव्हा खेळ उभारणाऱ्यांनी चित्रपटाचे नाव जरूर घ्यावे. पण नावावाचूनही माणसे त्यात रमतील काय, हे आधी पाहावे. फाळक्यांनी हरिश्चंद्राच्या आधी वाटाणा पेरला होता.