पहाटेचा पाठ आणि केडगावचा घाणा

तळोज्यात सिडकोच्या इमारतींत बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबापुढे सामान लागते न लागते तोच शाळेचा प्रश्न उभा राहतो. गाव जुने, पण वस्ती नवी आणि शेजारी ठिकठिकाणचे. मग मुलांना घरीच का शिकवू नये, असा विचार हल्ली काही आईबाप बोलून दाखवतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत घरी शिकलेल्या मुलाला चौदा वर्षे पुरी झाल्यावर दहावीच्या परीक्षेला बसता येते, तेव्हा वाट अगदीच बंद आहे असे नाही. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. थोरला बारा वर्षांचा आणि धाकटी सहाची असेल, तर दोघांना काय शिकवायचे, कोणी शिकवायचे आणि मुख्य म्हणजे काय वगळायचे?

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात एका मराठी घराला पडला होता. त्या घराला बहुतेक वर्षे भिंती नव्हत्या की छप्पर नव्हते. ते देशभर पायी हिंडणारे घर होते. त्यांनी निवडलेल्या अभ्यासक्रमातून पंडिता रमाबाई घडल्या. त्यात जे राहून गेले होते त्याची किंमतही त्या घराने मोजली, आणि राहून गेलेले भरून काढण्यात रमाबाईंचे पुढचे सारे आयुष्य गेले. रमाबाईंविषयी आपल्याकडे वाद पुष्कळ झाला. त्यांच्या घरच्या शाळेकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

गोष्ट सुरू होते पुण्यात. अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे तरुण, रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययनाला राहिले होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला पेशव्यांच्या वाड्यात जात. एक स्त्री श्लोक म्हणते आहे, हे अनंतशास्त्र्यांनी ऐकले आणि आपल्या बायकोलाही असेच शिकवायचे, हे मनाशी ठरवून टाकले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते जमले नाही. ती वारल्यावर, चव्वेचाळिशीच्या आसपास, गोदावरीकाठी पैठणला त्यांचे दुसरे लग्न झाले. वधू नऊ वर्षांची होती. आजच्या वाचकाला हे वाचताना अस्वस्थ वाटेल, आणि वाटावेच. पण त्या मुलीला घेऊन शास्त्रीबुवा घरी परतले ते तिला व्याकरण शिकवण्याचा निश्चय करूनच. तिचे नाव लक्ष्मीबाई.

बायकोला देववाणी शिकवतो म्हणून गावात बोभाटा झाला. उडुपीला धर्मसभेपुढे जाऊन अनंतशास्त्र्यांना आपली बाजू मांडावी लागली. शास्त्राधार दाखवून त्यांनी ती मांडली, तरी लोकांची नजर निवळली नाही. तेव्हा तुंगा आणि भद्रा यांच्या उगमाजवळ, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी घर बांधले आणि पाठशाळा चालवली. विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, सर्वांच्या जेवणाचा भार लक्ष्मीबाईंवर असे. या रानातच २३ एप्रिल १८५८ रोजी रमेचा जन्म झाला. सहा अपत्यांपैकी तीनच जगली: थोरली कृष्णा, मधला श्रीनिवास आणि ही धाकटी.

अन्नदानात आणि आतिथ्यात शास्त्रीबुवांची मिळकत संपली. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या टोपलीत घालून एका माणसाच्या डोक्यावर दिले होते. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, श्रोते जी दक्षिणा किंवा शिधा देतील त्यावर गुजराण करायची, आणि पुढचे तीर्थ गाठायचे. अशी पंधराएक वर्षे गेली.

थोरल्या दोघांना वडिलांनी शिकवले होते. रमा आठ वर्षांची होईतो शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते, डोळे आणि शक्ती दोन्ही उणावत होती. धाकटीला शिकवायचे काम लक्ष्मीबाईंनी घेतले. दिवसभर स्वयंपाक, धुणीभांडी, पुराणाची तयारी आणि प्रवास यांतून त्यांना एकच वेळ मोकळा मिळे, तो पहाटेचा. अंधार असतानाच त्या झोपलेल्या मुलीला उचलून घेत, लाडीगोडी लावून जागे करीत, आणि पाखरे बोलू लागेपर्यंत पाठ चाले. पुस्तक असे ते आईच्या तोंडचे. ती म्हणे, मुलगी मागून म्हणे. पुढची सातेक वर्षे हा क्रम राहिला.

इथे थोडे थांबून या अभ्यासक्रमाची मांडणी पाहण्यासारखी आहे. मुलांची वये वेगळी, पण विद्या एकच होती: संस्कृत व्याकरण, शब्दकोश, काव्ये आणि पुराणे. वयाप्रमाणे विषय बदलत नसे, पाठांतराची मजल बदले. थोरला जिथे अर्थ सांगायला लागला होता तिथे धाकटी अजून शब्दरूपे घोकत असे. आणि मोठ्यांची पुराणे रोज कानांवर पडत असल्यामुळे तिचा पुढचा धडा तिने ऐकून आधीच अर्धा केलेला असे. बारा वर्षांची होईतो भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले होते, असे सांगतात. त्यापुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर बसून पुराण सांगणे. म्हणजे परीक्षा रोज, आणि परीक्षक म्हणजे गावोगावचे भाविक. घरचे बोलणे मराठी. कानडी, हिंदुस्थानी या भाषा वाटेवर आपोआप मिळाल्या. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र शिकवताना एकाच विषयाला निरनिराळ्या खोलीवर हात घालायचा, ही युक्ती शिक्षणशास्त्राने नाव देण्याच्या आधीच लक्ष्मीबाईंनी वापरली होती.

पण शास्त्रीबुवांनी काही दारे ठरवून बंद केली होती. स्त्रियांना संस्कृताचा अधिकार आहे म्हणून गावाशी भांडणाऱ्या या गृहस्थांनी मुलीला वेद मात्र शिकवले नाहीत. तिथे त्यांची सुधारणा थांबत होती. इंग्रजी नको, परक्यांची विद्या नको, पोटासाठी करायचा धंदा तर नकोच. पुराण सांगून ईश्वर देईल ते घ्यायचे. मुलांनी पैशाच्या मागे लागू नये, हा त्यामागचा हेतू निर्मळ होता. थोरल्या कृष्णाबाईचे लग्न लहानपणीच केले होते, जावयालाही घरी ठेवून शिकवायचा बेत होता. तो मुलगा काही शिकला नाही आणि संसार विसकटला. त्या अनुभवाने रमेचे लग्न लवकर करायचे नाही, एवढे मात्र ठरले. त्यामुळेच तिला शिकायला वर्षे मिळाली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. श्रोत्यांच्याच घरी चूल पेटेना, तर पुराणिकाला शिधा कोण देणार? होते नव्हते ते विकून झाले. पाने आणि पाणी यांवर दिवस काढायची वेळ आली. मजुरी करायची तर अंगाला सवय नाही, हाताला कसब नाही, आणि ब्राह्मण्याचा व विद्येचा अभिमान आड येतो. भीक मागायचीही लाज. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या कुटुंबाला दोन वेळचे अन्न मिळवण्याची एकही विद्या येत नव्हती. १८७४ साली अनंतशास्त्री गेले. पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या. तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी पडे, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होते. पुढे कृष्णाबाईही गेली. उरले भाऊ आणि बहीण.

रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात या दिवसांविषयी लिहिले आहे. आईबापांविषयी त्यात कडवटपणा नाही. आईच्या स्मृतीला तर त्यांनी आपले अमेरिकेत निघालेले पुस्तक अर्पण केले. पण कामाची लाज वाटेल असे आपण वाढवले गेलो, हे त्यांनी लपवलेले नाही. लेखिका म्हणून त्यांचा हा प्रांजळपणा मला त्यांच्या पांडित्यापेक्षा मोठा वाटतो.

दोघे भावंडे पायी हिंदुस्थान हिंडली, चार हजारांहून अधिक मैल. झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ती झोपली होती. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पहाटेच्या अंधारातल्या पाठाला मिळालेले हे प्रशस्तिपत्र. ते पाहायला शिकवणारी नव्हती. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदांची प्रत दिली आणि वडिलांनी बंद ठेवलेले पहिले दार उघडले.

नंतरची वर्षे झपाट्याने गेली. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी तान्ही मुलगी घेऊन रमाबाई महाराष्ट्रात आल्या. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे बजावले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या, शिकवूही लागल्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आणि त्यांचा तिथला मुक्काम लांबला. इथे त्यांना फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धती भेटली. ठोकळे, रंगीत कागद, माती, गाणी! ज्या बाईंनी आयुष्यातला पहिला धडा डोळे चोळत, नुसत्या कानांनी घेतला, त्या अठ्ठाविसाव्या वर्षी लहान मुलांच्या हातांना शिकवायचे कसे हे शिकत होत्या. मराठी मुलींसाठी वाचनपुस्तके तयार करायलाही त्यांनी तिथेच घेतली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. आठव्या वर्षी विधवा झालेल्या आणि आता विशी उलटलेल्या. पुढे याच महर्षी कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे. एका वर्गात वीस वर्षांची बाई धुळाक्षरे गिरवते आहे आणि शेजारची दहा वर्षांची मुलगी तिच्यापुढे गेली आहे, हे दृश्य शाळाखात्याच्या कोष्टकात बसणारे नव्हते. रमाबाईंना त्याचे काही वाटत नसे. त्यांच्या घरात वयावरून धडा कधी ठरलाच नव्हता.

सदन १८९० मध्ये पुण्याला आले आणि १८९३ मध्ये वादळ झाले. मुली प्रार्थनेला बसतात, धर्म बदलतात, अशी तक्रार उठली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखे होते. विश्वासाने पाठवलेल्या मुलीला घरचा धर्म सुटेल अशा वातावरणात ठेवले, याचा आईबापांना राग येणे स्वाभाविक होते. आणि आपली प्रार्थना दार लावून करा, हे रमाबाईंना पटणे अशक्य होते. काय शिकवायचे याचा वाद शेवटी कोणी ठरवायचे या वादावर येतो, तसा तो इथेही आला.

१८९६-९७ च्या दुष्काळाने त्यांना पुन्हा जुन्या जागी आणून उभे केले. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी भुकेल्या मुली आणि बायका गोळा केल्या, सुमारे तीनशे. पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी जमीन घेतली होती, तिथे मुक्ती सदन वसले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तान्ही, पोरसवदा, तरुण विधवा, म्हाताऱ्या, आंधळ्या, सगळ्यांचे एकच घर. शारदा सदनात तयार झालेल्या मुलींनी या नव्या मुली सांभाळल्या.

इथला अभ्यासक्रम रमाबाईंनी स्वतः ठरवला आणि तो त्यांच्या आईच्या अभ्यासक्रमाची दुसरी बाजू होता. लहानग्यांना किंडरगार्टन, मोठ्यांना वाचन-लेखन, हुशार मुलींना शिक्षिकेचे शिक्षण, अंध मुलींना ब्रेल. आणि अक्षरांबरोबर प्रत्येकीच्या हाताला काम. शेत, गोठा, माग, शिवणकाम, धोबीखाना, भट्टी, तेलाचा घाणा, छापखाना. जिच्याकडे बुद्धी कमी तिच्यासाठी काम आणि हुशार तिच्यासाठी पुस्तक, अशी वाटणी नव्हती. दुष्काळ पुन्हा आला तर या मुलींना पाने खाऊन दिवस काढावे लागू नयेत, एवढे त्यांनी पाहिले.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या वेळच्या मराठी बायबलची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. आपल्या केडगावच्या, कमी शिकलेल्या बायांना वाचून कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. म्हणून पंडिता आणि सरस्वती म्हणवल्या गेलेल्या या बाई एकेक अवघड शब्द काढून त्याजागी घरगुती शब्द बसवत राहिल्या. खिळे जुळवायला दुष्काळातून आलेल्या मुली. १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून छापून बाहेर पडले.